चार भावांचे चार पोर्ट

"मॅडम, तुमचं कॉम्प्युटर म्हणतंय अठरा डिग्री आणि आमचे नाना म्हणतात चौदा. कॉम्प्युटरला काही घरी बसवता येत नाही. तेव्हा तुम्ही या आणि सहा दिवसांचा रिपोर्ट काढून द्या."

फोनवर मनोजशेठ होते. जळगावच्या बाहेर ज्यांची केळी पिकवण्याची चेंबर आहेत, त्या चार भावांतले सगळ्यात धाकटे. रिपोर्ट कशाला हवा, ते मी विचारलं.

"नानांना कागद दाखवायला. एकतीस वर्षं झाली त्यांना इथे, नुसतं तोंडी 'जा' म्हणणं बरं नाही दिसत."

नेटवर्कच्या कामात मला अठ्ठावीस वर्षं झाली. बिघाड झालाय म्हणून फोन आला की मला बरं वाटतं, कारण बिघाड मला कळतो. बिघाड नाही एवढंच लिहून द्या, असा फोन आला की मी सावध होते. मी धुळ्याहून निघाले आणि अख्ख्या रस्त्यात स्वतःला एकच गोष्ट सांगत राहिले, की माझ्या सिस्टिममध्ये काही चुकलेलं असणं शक्य नाही.

आधी थोडं चेंबरविषयी सांगते. केळी बागेतून हिरवी येतात. ती बंद खोलीत रचतात, गॅस देतात आणि खोली साधारण अठरा डिग्रीला ठेवतात. चार-पाच दिवसांत घड पिवळा होतो. पिवळा झाला की खोली चौदावर आणायची, म्हणजे माल गाडी येईपर्यंत टिकतो. चार डिग्रीचा फरक पडला तर एकीकडे माल दगडासारखा राहतो, दुसरीकडे काळे डाग पडतात. इथे अशा आठ खोल्या आहेत. भास्कर नाना त्या खोल्यांचे मिस्त्री. मूळचे शिंदखेड्याकडचे, अहिराणी बोलणारे. ह्या भावांच्या वडिलांनी त्यांना कामावर घेतलं, तेव्हा मनोजशेठ अजून शाळेत होते. नाना खोलीत शिरतात, केळ्याला हात लावतात आणि किती गॅस, किती वारा ते ठरवतात.

दोन वर्षांपूर्वी भावांनी ठरवलं की हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. काम मला मिळालं. प्रत्येक खोलीत तापमान सांभाळणारा एक कंट्रोलर, सगळ्यांच्या वायरी ऑफिसशेजारच्या सर्व्हरला. सरळ काम होतं. सगळ्या वायरी एकत्र आणणारा एक डबा, ज्याला आम्ही स्विच म्हणतो, आणि आठ वायरी, विषय संपला. पण चौघे भाऊ एकाच घरात राहतात, एकाच स्वयंपाकघरात जेवतात, आणि एकाचा व्यापारी कोण हे दुसऱ्याला कळू देत नाहीत. प्रत्येकाच्या दोन खोल्या, आणि प्रत्येकाला आपलं नेटवर्क वेगळं हवं. दारावर तापमान दाखवणारे डबेसुद्धा नकोत, कारण दुसऱ्याचा व्यापारी येता-जाता वाचेल.

म्हणून मी सर्व्हरला चार पोर्टांचं एक कार्ड बसवलं. पोर्ट म्हणजे वायर खुपसायचं भोक. ऑपरेटिंग सिस्टिमला ते भोक जसं दिसतं, त्याला इंटरफेस म्हणतात, आणि ती प्रत्येक इंटरफेसला आपणहून एक नाव देते. पहिल्याचं नाव आलं enp3s0f0. कार्ड कुठल्या खाचेत आहे आणि त्यावरचा कितवा पोर्ट, एवढाच त्याचा अर्थ. मशीनची मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून पहिला पोर्ट शून्य आणि चौथा तीन. खोली एक आणि दोन थोरले पारसशेठ यांच्या. त्या दोन्हींची मिळून एक वायर मी शून्यावर लावली.

पारसशेठनी पडदा पाहिला. सत्तरीचे गृहस्थ, पांढरे कपडे, आवाज कधी चढत नाही. त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, मी शून्य आणि मनोज तीन?"

मी मोजणीची पद्धत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पद्धत बरोबर असेल. पण बाहेरचा माणूस आला तर?"

मग नावं बदलायची ठरली. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती सोय आहे. एका फाइलमध्ये लिहायचं, अमुक पोर्टला तमुक नावानं ओळख. मी सुचवलं, खोल्यांचे नंबर देऊ. ते कोणाला पटलं नाही. नंबर आला की कोणीतरी दुसरा आणि कोणीतरी तिसरा होतो. शेवटी नावंच द्यायचं ठरलं आणि त्यासाठी रविवारी चहा-फरसाणासकट बैठक झाली. मी आयुष्यात खूप बैठका पाहिल्या. इंटरफेसच्या नावासाठी गाद्या-तक्के घातलेली ही एकच.

अडचण अशी की लिनक्समध्ये इंटरफेसच्या नावाला पंधराच अक्षरं मिळतात, तीही इंग्रजी लिपीतली धरून, आणि मध्ये मोकळी जागा चालत नाही. थोरल्यांचं नाव 'श्री' आणि 'जी' लावून लिहिलं. मधली आडवी रेघ धरून पंधरा भरली, अगदी काठोकाठ. दुसऱ्या भावाचंही पंधरात बसलं. तिसऱ्यांना दोन्ही मान मिळून वर जागा उरली. चौथ्याच्या वेळी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि थोरले म्हणाले, "त्याचं नुसतं मनोज लिहा, घरचाच आहे." मनोजशेठ हसले, पण फरसाणाची ताटली त्यांनी पुढे सरकवून दिली.

इथपर्यंत मी गंमत म्हणून सांगते आहे. यापुढची चूक माझी.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. नाव सिस्टिममध्ये दिलं की तेच नाव वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटवायचं. लेबल छापायचं छोटं मशीन माझ्या पिशवीत असतं. मी पहिलं लेबल छापलं, वायरीला लावायला वाकले, आणि मनोजशेठनी माझा हात धरायचाच बाकी ठेवला.

"मॅडम, ही वायर जमिनीवर पडते. थोरल्या भाऊंच्या नावाला पाय लागेल."

वायर उचलून भिंतीला ठोकू, म्हटलं. पण सुतार बोलवायचा, पट्टी आणायची, आणि मला संध्याकाळी पाचोऱ्याला दुसरं काम होतं. मी म्हणाले, "पुढच्या खेपेला लावते." ती खेप दोन वर्षांत आली नाही. नुसते रंगीत दोरे बांधले असते तरी चाललं असतं. मी तेही केलं नाही.

आणखी एक आळस. ते कंट्रोलर ज्या कंपनीकडून आले, तिने चारही जोड्यांना तेच दोन पत्ते देऊन पाठवले होते. समजा चार गल्ल्या आहेत आणि प्रत्येक गल्लीत घर नंबर अकरा आणि बारा आहे. गल्लीचं नाव बरोबर असेल तर पत्र बरोबर पोचतं. इथे गल्लीचं नाव म्हणजे इंटरफेसचं नाव. मी पत्ते बदलायला हवे होते. पण चालत होतं, आणि चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही असं आम्ही नव्या मुलांना शिकवतो. सोयीचं शिक्षण आहे.

तर मी जळगावला पोचले. प्लॅटफॉर्मवर एक ट्रक उभा होता, माल न भरलेला. नाना एका उलट्या क्रेटवर डबा मांडीवर घेऊन बसले होते. डबा उघडला नव्हता. हमाल त्यांच्याकडे पाहत नव्हते. माणूस जाणार हे कळलं की लोक आधी डोळे काढून घेतात.

ऑफिसात पारसशेठ आणि मनोजशेठ बसले होते. थोरल्यांचा माल सहा दिवस होऊन हिरवाच होता. धाकट्यांचा पिवळा माल डागाळला होता. सकाळीच प्लॅटफॉर्मवर सगळ्यांसमोर थोरले म्हणाले होते, नानांचा अंदाज सुटला, एका खोलीला गॅस कमी दिला आणि दुसरीला दोनदा. घराण्याचं नाव जातंय, आता त्यांनी आराम करावा.

मी सहा दिवसांचा आलेख काढला. थोरल्यांच्या नावापुढे अठरा, रेघ सरळ. मनोजशेठच्या नावापुढे चौदा, रेघ सरळ. इतका सुंदर आलेख मी क्वचित पाहिलाय.

"बघा," मनोजशेठ म्हणाले. "मशीन बरोबर आहे म्हणजे माणूस चुकला. एवढं लिहून सही करा."

मी प्रिंट हातात घेतली. सही करायला पेनही काढलं. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. पण सही करण्याआधी नानांना एकदा भेटावं म्हणून बाहेर आले.

"नाना, कॉम्प्युटरवर पहिल्या खोलीत अठरा दाखवतंय," मी म्हटलं.

नानांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, मी चार दिनपासून सांगी ऱ्हायनू, कोनी आयकस नही. पयली खोलीमा थंड शे. सातवीमा गरम शे. पडदावर काय बी लिखेल ऱ्हावो. मी म्हातारा व्हई गऊ, पण मना हात आजून म्हातारा नही व्हयना."

"मला दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्या खोलीचं दार ओढलं. आत शिरल्याबरोबर हातावर काटा आला. मग आम्ही सातव्या खोलीत गेलो, धाकट्यांच्या. तिथे माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि पिकलेल्या केळ्यांचा गोड वास अंगावर आला. ज्याला हात आहे त्याला कळावं इतका तो फरक होता. सहा दिवस इथे चार शेठ आणि एक सिस्टिम होती. खोलीत हात घालून पाहणारा एकच माणूस होता, आणि तो डबा घेऊन बाहेर बसला होता.

मी सरळ सर्व्हरच्या खोलीत गेले. मशीन चकचकीत पुसलेलं होतं. कार्डावर हळद-कुंकवाची बोटं, वर सुकलेलं झेंडूचं फूल, आणि पंख्याच्या जाळीत अडकलेल्या अक्षता.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

"खंडेनवमीला, सहा दिवस झाले," मनोजशेठ अभिमानाने म्हणाले. "वजनकाट्याची, कॉम्प्रेसरची सगळ्याची पूजा करतो आम्ही. यंदा म्हटलं सर्व्हर का राहावा? मी स्वतः केली. वायरी काढल्या, कोरड्या फडक्यानं पुसलं, कुंकू लावलं, परत लावल्या."

"परत कशा लावल्या? कोणती वायर कुठली होती ते कसं कळलं?"

"वायरी भिंतीतून खोल्यांच्या क्रमानेच येतात ना. मग पोर्टात पण मानाप्रमाणे लावल्या. थोरल्या भाऊंची पहिली, डावीकडून. माझी शेवटी."

मी खुर्चीवर बसले. त्या मशीनमध्ये कार्ड उलट्या अंगाने बसतं. शून्य नंबरचा पोर्ट उजव्या टोकाला येतो. मनोजशेठनी भक्तिभावाने चारही वायरी बरोबर उलट्या लावल्या होत्या. थोरल्यांच्या नावाच्या इंटरफेसला आता धाकट्यांच्या खोल्या जोडलेल्या होत्या, आणि 'मनोज'ला थोरल्यांच्या. मधल्या दोघांचीही अदलाबदल होती. फक्त त्यांच्या चारही खोल्यांत त्या आठवड्यात एकच तापमान हवं होतं, म्हणून त्यांना पत्ता लागला नाही. पत्ते सगळीकडे सारखे असल्यामुळे सिस्टिमनेही कुरकुर केली नाही. थोरले अठराचा हुकूम देत होते आणि धाकट्यांची खोली तो मुकाट्याने पाळत होती. घरात धाकट्याचं कोणी ऐकत नाही अशी मनोजशेठची जुनी तक्रार आहे. ते सहा दिवस थोरल्यांच्या दोन्ही खोल्या त्यांचंच ऐकत होत्या.

खात्री करून घ्यायला हवी होती. मी नानांना म्हटलं, पहिल्या खोलीतला कंट्रोलर बंद करा. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर 'मनोज' लिहिलेल्या रांगेतला एक हिरवा दिवा गेला.

मनोजशेठ तेव्हा फोनवर ट्रकवाल्याशी बोलत बाहेर गेले होते. खोलीत मी एकटी होते. आता हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. चार वायरी उलट करायला मला एक मिनिट लागलं असतं. संध्याकाळपर्यंत खोल्या ठीक झाल्या असत्या. आलेख तर आधीच सरळ होता. कोणालाही काही कळलं नसतं. नाना घरी गेले असते आणि वार्षिक देखभालीचं काम माझ्याकडे राहिलं असतं. हा हिशोब माझ्या डोक्यात पूर्ण झाला, शेवटच्या आकड्यापर्यंत. मग दारातून नानांनी विचारलं, "दिवा गया का, ताई?" आणि मला स्वतःची किळस आली.

मी ऑफिसात गेले आणि प्रिंट फाडली. पारसशेठनी भुवया वर केल्या.

"नानांची काही चूक नाही," मी म्हटलं. "वायरी उलट्या लागल्यात. आणि त्या उलट्या लागू शकल्या याचं कारण मी. मी वायरींना लेबलं लावली नाहीत. कंट्रोलरचे पत्ते वेगळे केले नाहीत. दोन्ही माझं काम होतं."

मनोजशेठचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या पूजेनं..."

"पूजेनं काही झालं नाही. लेबल असतं तर तुम्ही दरवर्षी पूजा केली असतीत तरी चाललं असतं."

थोरले म्हणाले, "ठीक आहे. सिस्टिममध्ये तांत्रिक अडचण होती, असा ग्रुपवर मेसेज टाका. नानांना सांगा, कामाला लागा."

मेसेज पडला. 'तांत्रिक कारणास्तव झालेल्या गैरसोयीबद्दल' वगैरे. त्यात नानांचं नाव नव्हतं, माझं नव्हतं, कोणाचंच नव्हतं. ज्या घरात एका वायरीला मान द्यायला पंधरा अक्षरं पुरत नव्हती, तिथे माणसाचा मान परत करायला एकही सापडलं नाही.

नाना क्रेटवरून उठले नाहीत. पारसशेठ दारात आले तेव्हा ते बसूनच म्हणाले, "शेठ, तुम्ही बठ्ठासना समोर बोलनात. आते बठ्ठासना समोरच सांगा."

सगळ्यांसमोर सांगा म्हटल्यावर हमाल थांबले. ट्रकचा ड्रायव्हरही खाली उतरला. थोरले दारातच उभे राहिले. सत्तर वर्षांत त्यांनी नोकराची माफी मागितली नसावी, आणि ते कसं करतात हे त्यांना खरंच माहीत नसावं. म्हणून मी पुढे झाले. प्लॅटफॉर्मवर उभं राहून, जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात सांगितलं, की मी मॅडम, सिस्टिम माझी, चूक माझी, आणि नाना पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते. अठ्ठावीस वर्षांत मी शेकडो बिघाड समजावून सांगितले, पण त्यातला 'मी' कधी इतका मोठ्यानं म्हटला नव्हता.

मग पारसशेठ दोन पायऱ्या उतरून खाली आले. म्हणाले, "नाना, तुमचा हात बरोबर होता. माझं बोलणं चुकलं."

नानांनी मान हलवली, डबा बाजूला ठेवला आणि पहिल्या खोलीकडे निघाले. वाटेत एका हमालाला ओरडून म्हणाले, "दखत काय ऱ्हायनात, दार लावा, वारा जास."

उरलेलं काम मी त्याच दिवशी केलं. वायरी आपापल्या पोर्टात लावल्या, कंट्रोलरना वेगवेगळे पत्ते दिले. इंटरफेसची नावं खोल्यांच्या नंबरांवर ठेवली. या वेळी बैठक झाली नाही. भावांच्या नावांचं काय करायचं हा प्रश्न मनोजशेठनी काढलाच. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक इंटरफेसला नावाखेरीज अलायस नावाची एक जागा असते, नुसत्या वर्णनासाठी. तिथे हवं तेवढं लांब लिहिता येतं आणि त्यावर कुठलंही काम अवलंबून नसतं. चौघांची नावं सगळ्या उपाध्यांसकट तिथे घातली. चौघेही खूश झाले. मनोजशेठनी आपल्या नावाला स्वतःच 'श्रीमान' लावून घेतलं.

वायरींना लेबलं लावताना नानांना बोलावलं. नंबर कुठे, केवढ्या आकाराचा, कोणत्या बाजूला, ते त्यांनी सांगितलं, कारण अडचण आली की तिथे धावणारे तेच. वाचणाऱ्याला विचारून लेबल लावायचं, हे मला इतक्या वर्षांनी सुचलं. आजवर मी ते ज्याचं नाव असेल त्याला विचारत होते. कुठली वायर कुठे, याचा तक्ता लिहून सर्व्हरच्या वर भिंतीला चिकटवला. नाना तो बोटाने वाचत गेले आणि शेवटी थांबले.

"वायर कोनी लावी, ते बी लिखा, ताई. मंग कोनले इचारानं ते समजी."

मी खाली माझं नाव आणि फोन नंबर लिहिला. कारकिर्दीत लेबलं हजारो लावली असतील. चूक झाली तर कोणाला धरायचं, हे सांगणारं ते पहिलंच.